लगमाप्पानं फरशी उचलली

किल्ली उजवीकडं नाही, डावीकडं फिरते,
आणि दार गुडघ्यानं ढकलावं लागतं.
एवढंच शंकरेव्वानं सांगितलं रजिस्ट्रार कचेरीत,
अंगठ्याची शाई पदराला पुसत.
बाकीचं घर आमचं आम्ही समजून घ्यायचं होतं.

वडगाव, बेळगाव. विणकरांची गल्ली.
शेजारच्या दोन घरांत अजून पॉवरलूम चालतात,
त्यांच्या खटक्यानं आमच्या कोनाड्यातला आरसा थरथरतो.
उतारा कन्नडात.
बोटानं एकेक अक्षर धरून मी माझं नाव शोधलं.
सापडलं. जोतिबाच्या नावातला शेवटचा काना मात्र
कुणी क्लार्क गिळून बसला होता.

लगमाप्पा गवंडी सुळेभावीहून मोपेडवरनं आला.
चहा घेतला, भिंतींना थापट्या मारत हिंडला
म्हशींच्या बाजारात हिंडावं तसा,
आणि म्हणाला, "पाडा. नवीन बांधा. स्वस्त पडतंय."
जोतिबा माझ्याकडं बघायला लागला.
मी सव्वीस वर्षं कंडक्टर. बेळगाव–खानापूर–नंदगड.
पिशवीत किती चिल्लर आहे ते मला न मोजता कळतं.
म्हटलं, "पाडायचं नाही. फरशी, संडास, कौलं. बस."

तर फरशीपासून सुरुवात.
शहाबादी, कोपरे झिजलेले, सांध्यांत मुंग्यांची वस्ती.
तिसऱ्या ओळीत पहार खणकन न वाजता
ढम्म वाजली.
"खाली काय तरी हाय."
जोतिबाच्या चेहऱ्यावर क्षणभर सोन्याचा हंडा उजळून गेला,
खोटं कशाला बोलू, माझ्याही.

निघाले विटांचे तुकडे, राख,
सुताच्या गुंत्याचा कुजलेला गोळा,
एक धोटा, टोकाचं लोखंड गंजलेलं,
मूठभर चिंचोके.
मग हळूहळू खड्ड्याला आकार आला:
कमरेइतका, चौकोनी, एकच कड तुकतुकीत.
"मग्गद कुणी," म्हणत लगमाप्पानं पहार खाली ठेवली.
हातमागाचा खड्डा. ह्यात पाय सोडून बसायचं
आणि दिवसभर पावड्या दाबायच्या.
"वीस बुट्ट्या मुरूम टाकला की सपाट," तो म्हणाला,
पण पहार काही उचलली नाही.

मी शंकरेव्वाला फोन लावला. हुबळीला, मुलाकडं असते.
माझं कन्नड बसमधलं:
मुंद होग्री, चिल्लर कोड्री, लगूना इळीरी.
त्यात खड्ड्याला शब्द नाही.
तरी तिला कळलं. बराच वेळ गप्प,
मागं कुणाच्या तरी कुकरची शिट्टी.
मग तिनं विचारलं,
"किडकी तगदरी येनु?"
खिडकी उघडली का.

कुठली खिडकी?

लगमाप्पा खड्ड्यात उतरून बसला, तोंड कुठं येतं बघायला.
समोर भिंत. पिस्ता रंगाची, सलग.
"असल्या आंधळ्या भिंतीकडं बघत कोण विणील हो?"
उठला, हातोडीचा दांडा आपटत गेला,
आणि एका जागी भिंत पातळ बोलली.

तिथं चिरा नव्हता. नुसत्या विटा, एकेरी, मातीत बसवलेल्या.
चौथी वीट पलीकडं परसात पडली,
कुणाची तरी कोंबडी बोंबलत पळाली,
आणि उन्हाचा तिरका पट्टा आत आला
तो थेट खड्ड्याच्या काठावर,
जिथं कापड ताणलेलं असणार.

काम थांबलं. पहिलाच दिवस, जेमतेम चार तास.
आम्ही तिघं खड्ड्यात पाय सोडून बसलो.
चहा, चहात बुडवायला बटर.
जोतिबाला म्हटलं, मुरूम आज सांगू नकोस.
खड्डा ठेवला तर पलंग कुठं बसणार,
ते मला माहीत नाही.

लगमाप्पानं लाइटबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.
फरशी, संडास, कौलं.
त्याखाली कन्नडात एक नवा शब्द,
मला तो एका दमात वाचता आला.
पुढचा आकडा मात्र दोनदा वाचला.